चिमूटभर धूप

आज मी पदवीधर आहे तो शमुवेलआबांमुळे. मुक्ताईनगरजवळच्या केळीच्या मळ्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पोराला त्यांनी आपण चालवत असलेल्या शिरपूरच्या वसतिगृहात ठेवून घेतलं आणि बी.ए. होईपर्यंत पाठीशी उभे राहिले. आता गुडघ्यांनी त्यांना दीपनगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या लेकीच्या क्वार्टरमध्ये बसवून ठेवलं आहे.

"यंदा खेळाला तू जा, भाऊ," ते म्हणाले. "माझ्या जागी उभं राहणारं कोणी आहे का बघ. नसेल, तर खेळ माझ्याबरोबर संपला."

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावातले ख्रिस्ती लोक दर हिवाळ्यात रक्तसाक्ष्यांचा (श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांचा) खेळ करतात. रोमचा अंमलदार एका म्हाताऱ्याला सांगतो, बादशहाच्या तसबिरीपुढे चिमूटभर धूप टाक, त्याला देव म्हण आणि घरी जा. नाहीतर सिंह आहेतच. म्हातारा नाही म्हणतो. संवाद लिहिलेले नाहीत. अंमलदाराने खरोखर मन वळवायचं आणि म्हाताऱ्याने दरवर्षी स्वतःचं नवं उत्तर द्यायचं, हा तिथला नियम. म्हातारा व्हायचे ते आबाच.

"माझी आई रोज मुक्ताईपुढे धूप लावते," मी म्हणालो.

"लावू दे की! ती मनानं लावते. इथं तलवार दाखवून लावायला सांगतात."

जळगावहून एसटी धरली. तापी ओलांडली, चोपडा मागे पडलं आणि उजवीकडे निळा सातपुडा सोबतीला आला. मी खिडकीशी नुसता चुळबुळत होतो. शिरपूरहून जीपने गावात उतरलो, तेव्हा कळलं की कोणाच्या तरी वांग्यांच्या गोणीखाली मी भेट म्हणून आणलेला केळ्यांचा घड चेंगरला आहे.

"केळी आन्यात का शिकरन, भाऊ?" देवळासमोर (चर्चला इथे देऊळच म्हणतात) भरताची वांगी भाजत बसलेल्या लीलाअक्का म्हणाल्या आणि बायका खदखदल्या.

खेळाची व्यवस्था दानियलनाना बघतात. ते मात्र हसले नाहीत. अंमलदाराचं काम करणाऱ्या मास्तरांची बदली झाली होती, आणि आबांनंतर म्हातारा व्हायला कोणी धजत नव्हतं. नानांनी माझा इस्त्रीचा शर्ट निरखला. "सायब तुम्हीच व्हा. तुमनं बोलनं कचेरीसारखं शे (आहे)."

"आणि म्हातारा?"

अक्कांनी राखेचे हात पुसले. "मी ऱ्हासू उभी (मी उभी राहीन)."

"अक्का, तो बाप्या शे!"

"मंग? सिंह काय बाई-बाप्या देखीसन खास का (बघून खातो का)?"

उन्हं कलली तेव्हा सारा गाव जमला. अक्कांना दरडावायला माझी जीभ उचलेना.

"सायब, मऊ पडू नका!" मागून कोणी ओरडलं. "तुम्ही मऊ, तर अक्का कसली घट्ट?"

ते खरंच होतं. मी जोर धरला. "कोणाला कळणार, अक्का? मनात तुमचा देव राहू द्या. नुसती बोटं हलवा." मी धूप त्यांच्यापुढे सरकवला. "नातवाचं लग्न बघायचं नाही?" नातू पुढेच बसला होता, सिंहाचं गोणपाट पांघरून.

अक्कांनी धुपाची चिमूट उचलली.

आता आबांना काय सांगू? पण अक्कांनी ती निखाऱ्यावर टाकली नाही, माझ्या तळहातावर ठेवली.

"हाई तुना राजाले दे. तो भ्यायेल शे, म्हनीसन त्याले मना हातनी चिमूट लागस. माले काही लागत नही." (ही तुझ्या राजाला दे. तो भ्यालेला आहे, म्हणून त्याला माझ्या हातची चिमूट लागते. मला काही लागत नाही.)

काय गलका उठला म्हणता! सिंहसुद्धा टाळ्या वाजवत उभे राहिले. शेवटी नाना ओरडले, "अरे, खावा ना तिले!"

अक्का पडल्या तेव्हा मात्र सगळा गाव उभा राहिला आणि हळू आवाजात गीत सुरू झालं. खऱ्या रिंगणातले सिंह गोणपाटाचे नव्हते, हे तेव्हा अंगावर आलं.

भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाऊन निघालो. धुळ्याला माझ्या खोलीकडे परतताना बसमध्ये विचार करत होतो. माझं बोलणं किती गोड होतं, किती समजूतदार! त्या काळच्या रक्तसाक्ष्यांना धमक्यांपेक्षा हेच जड गेलं असेल. खिशात हात घातला तर धूप तसाच होता.

आबांना फोनवर ऐकू येत नाही. खोलीवर पोचताच पत्र लिहिलं:

"तीर्थरूप आबांना सा. न. तुमच्या जागी लीलाअक्का उभ्या राहिल्या. राजाच्या बाजूने मी बोललो, जीव तोडून बोललो आणि हरलो. त्यांचं उत्तर वेगळ्या कागदावर, त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे. धूप जळला नाही. पुडीत बांधून सोबत पाठवतो आहे. आपला, भाऊ."