फुग्याची दाढी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला आम्ही सगळे वस्ताद म्हणायचो. त्याची बायकोही तेच म्हणायची, फक्त तिचा सूर वेगळा असायचा. माझे केस काळेभोर होते तेव्हापासून माझी मान त्याच्या हातात आणि त्याचे कान माझ्या ताब्यात. मी गोष्ट लांबवली की बाकावरचे लोक ओरडायचे, "अहो आजोबा, आवरा! आम्हाला कामावर जायचंय."

त्याची पाठ दुखायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी दिवसभर उभं राहायच्या कामाला दोष दिला. तपासण्या झाल्या आणि कळलं, मल्टिपल मायलोमा. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथलाच कॅन्सर, हाडं पोखरणारा. वस्ताद म्हणाला, "नाव बघ कसं भारदस्त! माझ्यासारख्याच्या घरी कशाला आला असेल?" औषधांनी आजार नमला. वस्ताद परत खुर्चीमागे उभा राहिला आणि आम्ही त्याचं दुखणं विसरूनही गेलो.

मग एका सकाळी मी खुर्चीत बसलो, तर वस्ताद आरशात बघत म्हणतो, "आज दोघं आलात का रे?"

"हो," मी म्हटलं, "पण दाढी एकाचीच कर."

सगळं सलून हसलं. दुसऱ्या खुर्चीशी काम करणारी त्याची लेक तेवढी हसली नाही. बाप एक डोळा मिटून बघतोय हे तिनं टिपलं होतं. ती "बाबा!" म्हणेपर्यंत माझी अर्धी मिशी गेली होती. जन्मभर एकमेकांची थट्टा केलेली, त्यामुळे त्याची खरी तक्रारही आम्हाला थट्टाच वाटली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काढले, कण्यात सुई घालून पाणी तपासलं. मग आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. "मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एक पाणी खेळत असतं. आजार त्यात उतरलाय. असं फार क्वचित होतं. पूर्ण बरं करीन असं नाही म्हणत मी. पण औषध थेट त्या पाण्यात सोडता येतं. थोडा चांगला काळ मिळू शकेल."

वस्तादानं एवढंच विचारलं, "वस्तरा धरता येईल?"

"प्रयत्न करू."

"मग करा."

"इथंही दुकानच!" वहिनींनी डोळे पुसत फटकारलं.

मी रोज जाऊन त्याला गोष्टी सांगायचो. एकदा नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, पेशंट कधीचा झोपलाय." म्हटलं, "झोपू दे, माझी गोष्ट अजून व्हायचीय." औषध लागू पडलं, त्याला दिसणारे माझे दोन चेहरे हळूहळू जवळ येत गेले. एक दिवस मला निरखून म्हणाला, "आता एकच दिसतोस. दुसरा बरा होता."

घरी आला तो लगेच दुकानात हजर. लेकीनं वस्तरा कपाटात कुलपाखाली ठेवला होता.

"बाबा, नियम तुमचाच आहे."

नियम असा, की माणसाच्या गालाला वस्तरा लावण्याआधी नव्या कारागिरानं फुगवलेल्या फुग्याची दाढी करायची. फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं साफ काढायचा. फुगा फुटला की हातात नुसती कात्री. लेकही त्यातूनच गेली होती.

"बापाची परीक्षा घेतेस?"

"मला तुम्ही सोडलं होतं का?"

फुगा आला. वस्तादानं फेस लावला, वस्तरा टेकवला आणि फाट्! बाकावरचा पोस्टमन दचकून उभा राहिला, त्याच्या चष्म्यावर फेस. सगळे हसले, पण वस्ताद स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"उद्या परत," लेक म्हणाली.

रोज एक फुगा फुटायचा. फुगे विकणारा दुकानदार वहिनींना विचारायचा, "वाढदिवस तरी कुणाकुणाचे आहेत, बाई?"

आणि मग एका सकाळी फेस निघत गेला, निघतच गेला आणि आवाज झाला नाही. लेकीनं फुगा फिरवून फिरवून बघितला. गाठीपाशी बोट ठेवलं. "इथं राहिलंय." त्यानं तेवढंही अलगद काढलं. तिनं कुलूप उघडलं आणि वस्तरा त्याच्या हातात दिला.

"चला, कोण बसतंय?" वस्तादानं विचारलं. बाकावरच्या सगळ्यांना एकदम पेपर वाचायचा होता. मी बसलो. त्यानं हनुवटी उचलली, बोटांचा तोच हलका दाब. आरशात बघितलं तर आम्ही दोघंही रडत होतो, आणि तो म्हणतो, "हलू नकोस, कापेल."

पुढे आजार परतला. आधी पाय गेले, मग वस्ताद गेला. पण त्याआधी सगळा उन्हाळा त्यानं उभ्यानं काम केलं. त्या सुयांचे, त्या डॉक्टरीणबाईंचे आणि त्या कडक लेकीचे माझ्यावर उपकार आहेत. त्या उन्हाळ्यात मी दाढी वाढायची वाट न बघता दुकानात जायचो.

"अरे, दाढीच नाही, काढू काय?" तो गालावरून हात फिरवून विचारायचा.

"फेस तरी लाव," म्हणायचो मी आणि खुर्चीत ऐसपैस बसायचो.