अर्ध्यावरचा चेंडू

हॉस्पिटलच्या खाटेवर बसून आमच्या शेजारच्या घरातले अण्णा फुप्फुसांच्या व्यायामाच्या नळीतून श्वास ओढत होते. श्वासाच्या जोरावर वर जाणारा निळा चेंडू अर्ध्यावरच थरथरत राहिला. याच माणसानं मला माउथ ऑर्गनवर सूर खाली वाकवायला, म्हणजे जरासा उतरवायला, शिकवलं. "जोर नको रे, श्वास ओढताना जीभ नुसती सैल सोड," म्हणायचे. श्वास ओढणं ही कला आहे, असं मी तेव्हापासून समजत आलो. ती तर मजुरी निघाली.

"काका, पूर्ण वर न्या," नर्स म्हणाली.

चेंडू टपकन खाली पडला.

"मुद्दाम वाकवला तो," अण्णा धापा टाकत मला म्हणाले.

मी हसलो. पण वाकवलेला सूर सोडला की पुन्हा आपल्या उंचीवर चढतो, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.