न ऐकता दिलेला होकार

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उठले तेव्हा उजवा कान बंद होता. सर्दी असेल, कानात पाणी गेलं असेल, असं म्हणत मी आठवडा घालवला. डॉक्टरांकडे गेले तोवर उशीर झाला होता. त्या कानातलं ऐकणं गेलं ते गेलंच, आणि डावा वयोमानाने आधीच मंद झालेला. शिकागोच्या एका उपनगरात मी एकटी राहते. हे जाऊन सहा वर्षं झाली, शाळेच्या लायब्ररीतली माझी नोकरी संपून तीन. दर गुरुवारी ओळखीच्या एका काकूंच्या बेसमेंटमध्ये आमचं दत्ताचं भजन असतं. वीस वर्षं मी तिथे न चुकता जात होते. कानाचं मशीन लावून पहिल्यांदा गेले, तेव्हा पेटी, झांजा आणि पंचवीस गळे, सगळं मिळून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटलं. इतरांचे ओठ पाहून मी ओठ हलवत राहिले आणि घरी येऊन रडले. पुढच्या गुरुवारी काकूंना मेसेज केला की पाय दुखतोय.

खरं मी कोणालाच सांगितलं नाही, मुलीलासुद्धा नाही. ती सिएटलजवळ बेलव्ह्यूला असते. त्याच सुमारास तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी मला काही महिने विमानप्रवास नको म्हटलं होतं. मुलीला मी एवढंच कळवलं की कानात थोडं इन्फेक्शन आहे. म्हणून नागपूरहून विहीणबाई आधी आल्या. त्यांचे तीन महिने संपले की मी जायचं, आणि मुलगी ऑफिसला जाऊ लागली की बाळ माझ्याकडे, असं ठरलं होतं. मी हो म्हणून बसले होते.

मग एका दुपारी मी वरणाचं पातेलं गॅसवर ठेवून आतल्या खोलीत वाचत बसले. शेजारच्या बाई मागच्या दाराने आत आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मान वर केली तर घरभर धूर. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. तिथला अलार्म केव्हापासून किंचाळत होता म्हणे. मला तो ऐकूच आला नव्हता. पातेलं जळालं, बाकी काही झालं नाही. ज्या बाईला अलार्म ऐकू येत नाही, तिच्या भरवशावर तीन महिन्यांचं बाळ कसं ठेवणार? त्या दिवशी देवापुढे बसून मी दत्तमहाराजांना विचारलं. भांडले नाही, मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, महाराज, तुमचं नाव मी आयुष्यभर कानाने घेतलं. आता ते कुठून आत येणार? आणि या बाळाचं मी काय करू?

उत्तर काही आलं नाही. मी ट्रेनचं तिकीट काढलं.

शिकागोहून सिएटलला गाडीने जायला दोन दिवस लागतात. लोक म्हणतात, वेळ फुकट जातो. मला मात्र लहानपणापासून गाडीचं वेड. खिडकीशी बसावं आणि कोणाची शेतं, कोणाची परसदारं, दोरीवर वाळत घातलेले कपडे बघत जावं, यापरतं सुख नाही. या दुमजली गाडीत झोपायची चिमुकली खोली मिळते आणि मधल्या एका डब्याला छतापर्यंत काचा असतात. मिसिसिपी नदी ओलांडली तेव्हा मी तिथेच होते. शेजारचे लोक काही ना काही बोलत होते. गाडीच्या आवाजात माझं मशीन नुसतं घोंगावत होतं. मी हसत होते आणि मान हलवत होते. गेल्या काही महिन्यांत ही कला मला छान साधली होती. समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं, हसायचं आणि हो म्हणायचं. दहातल्या आठ वेळा खपून जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोंटानातल्या एका छोट्या स्टेशनवर गाडी जरा जास्त वेळ थांबणार होती. त्याआधी डब्याचा अटेंडंट माझ्या दाराशी आला. भला माणूस, सकाळी त्यानेच चहा आणून दिला होता. त्याने काहीतरी विचारलं. मी हसून मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली. तो निघून गेला आणि मी पाय मोकळे करायला खाली उतरले. स्टेशनजवळ जुनं वाफेचं इंजिन रंगवून ठेवलं होतं. त्याची चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी उंच. मी त्याच्याभोवती फिरले, पितळी पाटीवरचं वाचत बसले, आणि वेळेचं भान राहिलं नाही.

अचानक कोणीतरी माझं कोपर घट्ट धरलं. सत्तरीच्या पुढची, उंच, पांढऱ्या केसांची एक बाई. ती बोलत नव्हती. तिने प्लॅटफॉर्मकडे बोट दाखवलं. तिथे एक बॅग उभी होती. माझीच बॅग. आसपास कोणी नव्हतं. सगळे गाडीत चढले होते आणि पुढच्या डब्यांची दारं लागत होती. बाईने खिशातून वही काढून भराभर लिहिलं, "तू इथे उतरते आहेस का?" इंग्रजीत तू आणि तुम्ही असं काही नसतं, पण मला ते तूच वाटलं. मी जोरजोराने नाही म्हटलं. त्याबरोबर तिने एका हाताने माझी बॅग उचलली, दुसऱ्या हाताने मला ओढत नेलं आणि आमच्या डब्याच्या लागत आलेल्या दारावर तळहाताने धाडधाड थापा मारल्या. दार उघडलं. अटेंडंटचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंतर कळलं, तिथे शेजारच्या खोलीतल्या बाईंना उतरायचं होतं, आणि त्याने बॅग माझी उतरवली होती. "तुम्हीच ना इथे उतरणार?" असं त्याने मला दोनदा विचारलं होतं, आणि मी दोनदा हो म्हटलं होतं.

एक गोष्ट कबूल करते. त्या क्षणी मला देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नव्हतं. हाक मारायच्या आधीच हात आला होता.

नंतर आम्ही काचेच्या डब्यात शेजारी बसलो. बाईचं नाव रूथ. ती जन्मापासून बहिरी. छापखान्यात चाळीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. वही आमच्या दोघींमध्ये इकडून तिकडे फिरू लागली. मी लिहिलं, "तुम्हाला कळलं कसं?" तिने लिहिलं, "मी जिन्याशी उभी होते. त्याचे ओठ मला दिसत होते आणि तुझी मानही दिसत होती. तसा होकार मीही तरुणपणी खूप दिला आहे. त्या होकारापायी एकदा माझ्यावर नको त्या माणसाशी लग्न करायची वेळ आली होती." आणि ती आवाज न करता इतकी हसली की खांदे हलायला लागले. मग मलाही हसू आवरेना. कित्येक महिन्यांत मी अशी हसले नव्हते.

खिडकीबाहेर गव्हाची हिरवी शेतं सरकत होती. मी विचारत गेले आणि तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. वाजलेली बेल कळते कशी? दिवा लागतो. पहाटे उठता कशा? उशीखाली थरथरणारं घड्याळ. शेवटी मनातलं विचारलं, मुलं कशी वाढवलीत? तिची तीन मुलं. तिने बराच वेळ लिहिलं. पहिल्या मुलाच्या वेळी असली यंत्रं परवडत नव्हती. ती आपल्या मनगटाला रिबन बांधायची आणि रिबनचं दुसरं टोक पाळण्याला. बाळ हललं की हाताला ओढ लागायची. दिवसा पाळणा जाईल तिथे सोबत न्यायची. शेवटी तिने एक ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली, "पण सगळ्यात आधी शेजारणीला सांगून ठेवलं होतं की मला ऐकू येत नाही."

मी ते वाक्य वाचत राहिले. गेले कित्येक महिने मी देवाला सगळं सांगत होते. माणसांना मात्र एक अक्षर सांगत नव्हते.

संध्याकाळी डोंगर सुरू झाले आणि पाइनच्या झाडीतल्या एका स्टेशनवर रूथ उतरली. तिचा मोठा मुलगा न्यायला आला होता. मला आभार मानायचे होते. ते खुणेने कसे मानतात, ते तिनेच शिकवलं. बोटं हनुवटीला लावायची आणि हात समोरच्याकडे न्यायचा. मी ते तीन-तीनदा केलं. ती गेल्यावर मी खोलीत आले, मशीन काढून ठेवलं आणि सहज खिडकीखालच्या भिंतीला तळहात लावला. गाडीची धडधड हातातून कोपरापर्यंत, तिथून छातीपर्यंत आली. एका ठेक्यात. मी डोळे मिटले. त्या ठेक्यावर नाम आपोआप सुरू झालं. ओठ हलत नव्हते, कानाला काही ऐकू येत नव्हतं, तरी नाम चाललं होतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. काही घडलं असा माझा दावा नाही. एवढंच की मी विचारलं होतं, कुठून आत येणार, आणि माझा हात भिंतीवर होता.

सिएटलला मुलगी एकटीच न्यायला आली. तिने कार सुरू करायच्या आधी मी तिला म्हटलं, "थांब. मला सांगायचंय. मला ऐकू येत नाही. जवळजवळ काहीच नाही." आणि अलार्मचंही सांगून टाकलं. ते ऐकताना तिचा चेहरा उतरला. मग तिने माझ्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "आई, मला माहीत होतं. काय जेवलीस विचारलं तर तू म्हणतेस, हो हो, थंडी आहे. अलार्मचं तेवढं माहीत नव्हतं. मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो हो, सगळं ठीक आहे म्हणाली असतीस ना?"

दोघी पार्किंगमध्ये रडलो, मग हसलो. तिने तिथेच फोनवर बाळ रडलं की चमकणारा दिवा ऑर्डर केला. शिवाय पहिले सहा महिने घरात मदतीला कोणीतरी ठेवायचं ठरवलं. म्हणजे बाळ माझ्यासोबत असेल, पण एकट्या माझ्या जिवावर नाही.

माझ्यासाठी लांबवलेलं बारसं रविवारी झालं. विहीणबाईंची मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, नागपूरहून व्हिडिओवर होती. पण बाळाच्या कानाशी कोणीतरी इथलंच हवं. विहीणबाईंनी माझा हात धरला आणि मला नीट दिसेल असं म्हणाल्या, "कुर्र तुम्ही करा." मी मागे सरले. माझा आवाज मलाच कळत नाही. फार मोठा निघाला तर बाळ दचकेल, फार हळू निघाला तर कोणाला कळणार नाही. पूर्वीची मी असते तर पाय दुखतोय म्हटलं असतं. मी म्हटलं, "मला अंदाज येत नाही हो. चुकलं तर सांगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाकले, बाळाच्या कानाशी ओंजळ धरली आणि तिचं नाव उच्चारलं. ते मला स्वतःला ऐकू आलं नाही. बाळाने दुपटं चिवडणं थांबवलं, हळूच मान वळवली आणि थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं.