गॉलवेची जहागीरदारीण

आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल जहागीरदारीणबाई कालच भेटून आल्यासारखं बोलायच्या. "अगं, हिचा दीर महापाजी," कांदा चिरता चिरता त्या सांगायच्या. "भावाच्या मरणाची नुसती बातमी आलीय, तर हा किल्ल्याच्या किल्ल्या मागतोय." मला आधी वाटलं, नागपूरकडच्या कुणा नातेवाइकाची भानगड असेल. ती होती मध्ययुगीन फ्रान्समधल्या एका सरदारणीची. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठात त्या तिच्यावर पीएचडी करत होत्या. त्या भाड्याच्या घरातल्या आम्ही बाकीच्या दोघी मेडिकल डिव्हाइसच्या कंपन्यांत नोकरीला. त्यांचं हे नाव आम्हीच ठेवलं, आणि त्यांना ते आवडलं.

त्या सरदारणीचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं. नवरा धर्मयुद्धावर गेला तो आलाच नाही. मग जहागीर हिने चालवली, तंटे हिने सोडवले. मागे उरली ती लॅटिनमधली थोडी दानपत्रं. त्यांचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून बाई तासन्‌तास बसायच्या. एकदा मला हाक मारून त्यांनी एक शिक्का दाखवला. मेणात उमटलेली उभी बाई, हातावर ससाणा. "नवरा जिवंत असेपर्यंत ही कागदावर जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या. "विधवा झाली आणि दिसायला लागली."

घरमालकीणही या गोष्टीत अडकली होती. बॉयलर बघायला आली की ती म्हातारी स्वयंपाकघरात टेकायची आणि विचारायची, "मग युअर मॅन, तो सरदार, आला का परत?"

"नाही. वाटेतच तापाने गेला."

"मग शी वॉज ग्रँड, मजेत राहिली असणार," म्हातारी म्हणाली. ती स्वतः विधवा. त्या दिवशी बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

रविवारी दुपारी मात्र त्या केस विंचरून, कानातलं घालून, टिकली लावून फोनसमोर बसायच्या. त्यांची चार वर्षांची मुलगी सई नागपूरला वडिलांकडे, आजीआजोबांच्या घरी होती. सुरुवातीला ती म्हणायची, "आई, तुझी खोली दाखव." मग बाई फोन घेऊन खिडकीबाहेरचा पाऊससुद्धा दाखवायच्या. पुढे पुढे फोन सासूबाईच धरायच्या, आणि नवरा मागून सांगायचा, "ती खेळतेय, नंतर बघू." फोन बंद झाल्यावरही बाई कानातलं न काढता तशाच बसून राहायच्या.

तिसऱ्या वर्षी ईमेलवर वकिलाची नोटीस आली. घटस्फोट हवा, आणि मुलीचा ताबाही. आई मुलीला टाकून परदेशी गेली, असं त्यात लिहिलं होतं. मी वेड्यासारखं विचारलं, "तुमच्या सरदारणीने काय केलं असतं?"

"तिने दुसरं लग्न केलं. मुलं सासरच्यांनी ठेवून घेतली," त्या म्हणाल्या. "पुढच्या एकाही कागदात मुलांचा उल्लेख नाही. ते प्रकरण वर्षभर लिहितेय मी. पुढे सरकतच नाही."

प्रबंध अर्धा ठेवून त्या निघाल्या. गाईडने रजा मिळवून दिली होती. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "सहा महिन्यांत येते सईला घेऊन. इथल्या शाळेची चौकशी करून ठेव." मी केली. मुख्याध्यापिकेने दोनदा विचारलं, मुलगी कधी येणार. कोर्टात तारखांवर तारखा पडत गेल्या, रजा संपली, आणि विद्यापीठाने त्यांचं नाव कमी केलं.

गेल्या महिन्यात मी फोन केला. आता त्या नागपुरात एका क्लासमध्ये इंग्रजी व्याकरण शिकवतात. प्रबंधाचं विचारलं तर म्हणाल्या, "तो लॅपटॉप उघडला नाही गं परत." ताबा वडिलांकडे गेलाय. महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास, कोर्टातल्या एका खोलीत सई भेटते. नऊ वर्षांची झालीय.

"बोलते ना तुमच्याशी?" मी विचारलं.

"बोलते की. चांगलं वळण लावलंय तिला." मग म्हणाल्या, "मला 'तुम्ही' म्हणते."