लाल रेघेपलीकडची बाई

कुठलाही फोटो हातात दिला की आमचे शेजारी तो आधी पालथा करायचे. "आधी पाठ, मग तोंड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कौतुकाने माझ्या लग्नाचा फोटो दाखवला, तर तोही त्यांनी पालथा केला आणि नाराज झाले. "काहीच लिहिलेलं नाही, डॉक्टर. शंभर वर्षांनी कोणाला कळणार ही नवरी कोण?" मी म्हटलं, शंभर वर्षं कशाला, त्या मेकअपमध्ये माझ्या आईनेही मला ओळखलं नव्हतं. ते हसले नाहीत. खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी मुकाट्याने सगळ्यांची नावं लिहिली.

२००८ च्या हिवाळ्यात मी आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात रुजू झाले. नवरा नोकरीसाठी लिमरिकला, शनिवार-रविवारी उगवणारा, आणि तोही बहुधा झोपायला. त्यामुळे रविवारचा चहा शेजाऱ्यांकडे, हे आपोआपच ठरून गेलं. सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस. चहा इतका काळा करायचे की आपल्याकडच्या टपरीवाल्यानेही हात जोडले असते.

जवळच्याच एका छोट्या वर्तमानपत्रात त्यांनी चाळीस वर्षं फोटोंच्या टेबलावर काढली होती. काम असं की आलेल्या फोटोवर लाल मेणाच्या पेन्सिलीने रेघा मारायच्या. रेघेच्या आतलं छापायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. मी गेले त्याच सुमाराला मंदीत ते वर्तमानपत्र बंद पडलं. जुने फोटो कचऱ्यात निघाले होते. यांनी त्यातले चार खोके उचलून घरी आणले आणि बैठकीच्या खोलीत कोचाशेजारी रचून ठेवले.

तीन खोक्यांत होते बिशप, फुटबॉलचे संघ आणि बक्षीस मिळालेले बैल. चौथ्यात अमेरिका होती. तिथल्या काळ्या लोकांनी साठच्या दशकात समान हक्कांसाठी जी चळवळ केली, तिचे बातम्यांच्या एजन्सीकडून आलेले फोटो. मोर्चे, सभा, पोलीस, आणि पुढाऱ्यांचे ते चेहरे, जे तुम्ही-आम्ही शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. एका पुढाऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा युअर मॅन बघ." मी गडबडले. माझा माणूस? माझा कसा? मग कळलं की इथे कोणत्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. पोस्टमनला, पंतप्रधानाला, सगळ्यांनाच.

त्या खोक्यातला एक फोटो ते दर रविवारी बाहेर काढत. मोर्चाच्या पहिल्या रांगेत युअर मॅन, आणि त्याच्या हातात हात गुंफून चालणारी एक बाई. दोघांच्या मधून खाली उतरलेली लाल रेघ. पाठीवर एजन्सीची चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यात पुढाऱ्याचं नाव, पदवी, सगळं, आणि शेवटी "सोबत एक अनोळखी महिला."

"ही रेघ माझी," एकदा ते म्हणाले. "मी तेवीस वर्षांचा होतो. संपादक म्हणाला, एका कॉलमात बसव. मी बसवला. दहा सेकंद लागले असतील."

"तुम्ही नाही तर दुसऱ्या कोणी मारली असती," मी म्हटलं.

"हो. पण मारली मी."

खोके घरी आल्यापासून त्यांनी तिचं नाव शोधायला घेतलं होतं. फोटोच्या पाठीवर गावाचं नाव होतं. त्या गावातल्या एकेका चर्चला ते टाइपरायटरवर पत्र पाठवत, सोबत फोटोचं वर्णन. एजन्सीलाही विचारलं. तिच्याकडे प्रत उरली नव्हती. उत्तरं बहुतेक यायची नाहीत, आली तर सभ्य नकाराची. मी वेड्यात काढलं की इथल्या पद्धतीने, 'ठीक आहे' अशा अर्थी म्हणत, "ग्रँड, डॉक्टर. मला कुठे जायचंय?"

आणि २०१२ च्या उन्हाळ्यात खरंच उत्तर आलं! ते पत्र हातात घेऊन कुंपणापाशी उभे राहिले आणि मी ड्युटीवरून येईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या बाईचं नाव लोरीन. लिहिणारी तिची भाची होती. लोरीन कधीच वारली होती. घराला आग लागली तेव्हा फोटोही सगळे गेले, तरुणपणीचा एकही राहिला नाही. तो फोटो मिळेल का, असं तिने विचारलं होतं.

लोरीन तिची 'आंट', एवढंच पत्रात होतं. आत्या की मावशी, ते काही कळेना, आणि मला तर त्याशिवाय पुढेच जाता येईना. ते चकित झाले. "तुमच्याकडे दोन शब्द आहेत?" मी म्हटलं, "काकू आणि मामी धरल्या तर चार." ते बराच वेळ हसत होते. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण फोटो लगेच पाठवायला ते तयार होईनात. "रेघेसकट पाठवू? तिच्या घरच्यांना?" कापसाच्या बोळ्यावर कसलंसं द्रावण घेऊन ते ती रेघ रोज थोडी थोडी पुसत. मी म्हटलं, तोवर फोनवर एक फोटो काढून पाठवते. "नको. रेघ जाऊ दे." मी हट्ट धरला नाही. त्यांची पाठ वळल्यावर गुपचूप काढला असता तरी चाललं असतं. हे सगळं आता सुचतं.

ऑक्टोबरात त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाले. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या वॉर्डात जायचे. एका दुपारी त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला, उशाखालची घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "द फोटोज इन द प्रेस, डॉक्टर. पुतण्या यायच्या आत घेऊन जा. लोरीन वाळली असेल आता."

"काळजी करू नका, आणते," मी म्हटलं आणि मास्क परत नीट बसवला.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट. कपबशांचं कपाटही प्रेस, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं, टॉवेल उबदार ठेवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. हे मला ठाऊक होतं. चार वर्षं मी स्वतः 'बशा प्रेसमध्ये ठेव' म्हणत होते. पण मी ऐकलं इंग्रजीत आणि समजले मराठीत: प्रेसमधले फोटो. म्हणजे वर्तमानपत्रातले फोटो. आणखी कुठले असणार? लोरीन वाळली असेल म्हणजे रेघ पुसून झाली असेल, असं मी धरून चालले.

त्या संध्याकाळी मी चारही खोके माझ्या घरी वाहून आणले. बैलांसकट. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, "आणले." त्यांनी माझा हात थोपटला. त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे ते गेले.

नास गावाहून त्यांचा पुतण्या आला. भला माणूस, अंत्यविधी रीतसर केला, घर भाड्याचं म्हणून आठवड्यात रिकामं केलं. मी त्या आठवड्यात सलग ड्युटीवर होते. खोके उघडले ते त्यानंतरच्या रविवारी. लोरीन कुठेच नव्हती. चारही खोके उलथेपालथे केले, बिशपांच्या मधूनही शोधलं, आणि मग पुतण्याला फोन लावला.

"हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मध्ये काहीतरी होतं," तो आठवून म्हणाला. "दोन पुठ्ठ्यांत दाबून ठेवलेलं. जुने टॉवेल होते, तसेच कचऱ्यात टाकले. काही महत्त्वाचं होतं का?"

दमट हवेत पुसून ओला झालेला फोटो वाकू नये, म्हणून त्यांनी तो घरातल्या एकुलत्या एक कोरड्या जागी ठेवला होता. मी पुतण्याला म्हटलं, "नाही, नाही, तसं काही नाही." त्याला सांगून काय करायचं होतं? मला सांगितलं होतं, मला!

मी गावच्या लायब्ररीत जाऊन जुन्या वर्तमानपत्राच्या फाइली काढल्या. तो दिवस सापडला. एका कॉलमात युअर मॅन एकटाच चालत होता. त्याच्या कोपरात कोणाची तरी बोटं अडकलेली दिसत होती.

शेवटी अमेरिकेला पत्र लिहून जे झालं ते कळवलं. माझी चूक झाकली नाही. भाचीचं उत्तर लवकर आलं आणि त्यात राग नव्हता. तिने लिहिलं होतं, फोटो गेला तर गेला. पण तुम्ही तो पाहिलाय ना? मग कशी दिसत होती ती, एवढं लिहून पाठवा. हसत होती का? घाबरलेली होती का?

मी ड्युटी नसलेली एक अख्खी दुपार कागद घेऊन बसले. पुढाऱ्याची हॅट आठवली. त्याच्या टायची गाठ, डोळ्यांखाली झोप न झालेली काळी वर्तुळं, सगळं जसंच्या तसं. त्या बाईच्या हातात पर्स होती, ती आठवली, कारण शेजाऱ्यांनी भिंग धरून दाखवली होती. चेहरा आठवेना. चार वर्षं रविवारमागून रविवार तो फोटो माझ्या चहाच्या कपाशेजारी पडलेला होता, आणि मी प्रत्येक वेळी युअर मॅनकडेच पाहिलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

पर्स होती, एवढं लिहिलं. तिचा चेहरा नीट पाहिलेला इथे एकच माणूस होता आणि तो ऑक्टोबरात वारला, हेही लिहिलं. त्यानंतर भाचीकडून पत्र आलं नाही.