तुरीतली टोपली

रत्नाक्कांची आणि माझी पहिली भेट संतपूरला जाणाऱ्या बसमध्ये झाली. मला बसायला जागा मिळाली होती. त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली होती. मी उठू लागले, तर म्हणाल्या, "तू बस माय. फकस्त हे मांडीवर घे, आन् हालवू नको." उतरताना मी विचारलं, "आक्का, अंडी हायत का?" "न्हाई गं, गांधीलमाशीच्या जातीच्या माशा हायत," असं म्हणून त्या शांतपणे उतरून गेल्या. घरी पोहोचेपर्यंत मी पदर झटकत होते.

आज आक्का पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. कृषी महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं कीटकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लोक बिदरला घर बांधून राहतात. आक्कांनी औरादकडची शिवारं धरली. त्यांच्या त्या माशा मुंगीपेक्षा फार मोठ्या नसतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. माशी तुरीवरच्या बारक्या अळीच्या अंगात अंडं घालते. त्यातून निघालेलं तिचं पिलू अळीला आतून खातं, बाहेर येऊन पानावर कोष विणतं, आणि अळी शेंगेपर्यंत पोहोचतच नाही. एवढंच आक्कांचं शास्त्र. पण ते शेतात पटवून द्यायला त्यांचं निम्मं आयुष्य गेलं.

पुढे मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. त्या काळात मी माहेरी परतले होते आणि भेटेल तो मला कारण विचारत होता. आक्कांनी कधीच विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पान उलटून बघ. वरून समदी पानं सारखीच दिसतेत." त्या पानाबद्दलच बोलत होत्या. तरी त्या दिवशी मला बरं वाटलं.

आक्कांचा स्वभाव समजावा म्हणून ठाणाकुशनूरची एक गोष्ट सांगते. तिथल्या मैनाबाईंची तूर फुलावर आली होती आणि अळी पडली होती. घरचं वर्षाचं सारं त्याच तुरीवर होतं. त्यांचे यजमान नामदेवअण्णा शेजाऱ्याचा पंप आणून फवारणीच्या तयारीत बसले होते. आक्कांच्या शब्दावर मैनाबाईंनी त्यांना थोपवून धरलं होतं. फवारलं असतं तर अळीबरोबर माशीही मेली असती.

एका सकाळी आम्ही पोहोचलो, तर मैनाबाई पदर भरून काहीतरी घेऊन धावत आल्या.

"घ्या आक्का, किडीची अंडी! फाटेपासून येचायलेव. एक बी ठिवली न्हाई."

पदरात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट कोष होते, काळे ठिपके असलेले. ज्यांच्या भरवशावर फवारणी थांबवली होती, ते सगळे मैनाबाईंनी स्वतःच खुडून आणले होते. मागून नामदेवअण्णा म्हणाले, "आता तरी फवारू दे की. गाव हसायलंय आपल्याला."

आक्का खाली बसल्या. एक कोष तळहातावर घेऊन त्यांनी निरखून पाहिला.

"बरं झालं मैना, चुरडली न्हाईस. ही अंडी न्हाईत, आपल्या माशीची घरं हायत."

मैनाबाईंचा चेहरा पडला. "मंग म्याच उपटून आणलं की व्हय त्यांचं घर?"

"उपटलं कामून म्हणतीस? घर बदललंय. भाड्याच्या घरात लेकरं जलमत न्हाईत का?"

मैनाबाई रडता रडता हसल्या. आक्कांनी कोष टोपलीत पसरले, वर पळसाची पानं घातली आणि टोपली तुरीच्या मधोमध रोवलेल्या खुंटाला दोरीनं टांगली. मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला एरंडेल चोळलं.

"आन् मला डसल्या तर?" नामदेवअण्णा.

"तुमाला डसायला त्यास्नी येळ न्हाई, अण्णा. तुमी मोठ्या अळ्या झाड हालवून पाडा, कोंबड्यास्नी घाला. बारक्या अळ्या माशीसाठी ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर आक्का रोज पहिल्या बसनं तिथे जात. टोपली मात्र मैनाबाईच उघडत. आक्का हात लावत नसत. शेवटी एका सकाळी बांधावरूनच हाक आली, "आक्का, घरं रिकामी झाली!" प्रत्येक कोषाच्या टोकाला गोल भोक पडलं होतं आणि तुरीच्या शेंड्यांवर बारीक माशा फिरत होत्या. मैनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पंप ज्याचा त्याला दिऊन या." अण्णा गेले. काही शेंगा पोखरल्या गेल्याच, पण तूर घरी आली.

परतताना मी आक्कांना विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "बाई फाटेपासून वाकून पानं उलटायलीती. तेवढंच तर शिकवायचं होतं मला. आता कोष वळखायचा ऱ्हायला." समोरच्याच्या चुकीत त्याचे कष्ट आधी पाहायचे, हे मी त्यांच्याकडून शिकते आहे. अजून पुरतं जमलेलं नाही.

आजच्या वाढदिवसाच्या समारंभात पुष्पगुच्छ नको, असं आक्कांनी बजावलं आहे. ती फुलं फवारलेली असतात म्हणे. म्हणून ठाणाकुशनूरहून मैनाबाई नुसती टोपली घेऊन येणार आहेत. कोष त्या आता बरोबर ओळखतात, सुनेलाही दाखवतात. पण दोरीला एरंडेल अजून आक्कांच्याच हातून लावून घेतात. आक्का, तूर दरवर्षी फुलावर येणार आहे. तुमच्या गुडघ्यांनी बांध चढत राहावं, डोळ्यांना उलटलेल्या पानावरचं दिसत राहावं, आणि आम्हाला ते एरंडेल स्वतः लावावं लागण्याचा दिवस खूप खूप लांब राहावा.