तेरा, एकसष्ट आणि नऊशे सदतीस

दादा गेल्याचा फोन वहिनींनी नाही, शेजाऱ्यांनी केला. अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत मला त्याचाच राग होता, रडू नंतर आलं. आमचं नणंद-भावजयीचं कधी जमलंच नाही. आता दोन महिने होत आले... रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

दादा कॉलेजात गणित शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याला मूळ संख्या आणि गाठी यांचं वेड लागलं. जिचे भाग पडत नाहीत ती मूळ संख्या, आणि दोरी गुंतवून तिची टोकं जोडली की गाठ. या दोन्हींचे नियम म्हणे थेट एकमेकांसारखे! दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्यात का, असं विचारता येतं, तसंच दोन मूळ संख्यांबद्दलही. मी म्हणायची, "दादा, डोकं नको खाऊ." तो कशाला ऐकतो!

"तेरा, एकसष्ट, नऊशे सदतीस," जेवताना त्यानं एकदा सुरू केलं. "कोणत्याही दोघी घे, अडकलेल्या नाहीत. तिघी मिळून मात्र सुटत नाहीत. आपलं घरच पाह्य ना. तुह्यं वहिनीशी पटत नाही, माह्यं तिच्याशी पटत नाही, तुह्यं-माह्यं त रोजचंच! तरी तिघं एका जागी जेवून राहिलो."

"अन् एक काढली त?" वहिनींनी विचारलं.

"मंग बाकीच्या दोघी मोकळ्या."

"बरं होईन बाप्पा!" वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

झालो मोकळ्या. तेरवीनंतर मला तिथं जायला कारणच राहिलं नाही. वहिनींचं तरी माझ्याशिवाय काय अडतंय? गेल्या रविवारी मात्र निरोप आला, दादाची खोली एकटीनं आवरणं होत नाही. गेले. सकाळपासून आम्ही कामापुरतंच बोललो. दुपारी रद्दी बांधायला सुतळी सापडेना. खिडकीच्या खिळ्याला दादानं सुतळीची तीन कडी एकमेकांत गुंतवून टांगली होती. वहिनींनी कात्री घेतली, एक कडं ताणून धरलं. नको म्हणणारी मी कोण?

कात्री तशीच राहिली.

"हे कापलं त बाकीचे दोन बी सुटतात न वो?"

"सुटतात."

"राहू द्या मंग."

रद्दी त्यांनी जुन्या साडीच्या पट्टीनं बांधली. मी निघाले तेव्हा चपलांपाशी येऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पुस्तकं काहाडाची राह्यली. पुढच्या रविवारी येजा."

पुस्तकं आमची सकाळीच काढून झाली होती. "येते," मी म्हटलं.